पोर पाचवीत अडकतंय असं वाटलं तर: खान्देशातल्या पालकांसाठी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा रुळावर आली की घरोघरी निरोप जायला लागतात. "पोरगं वाचत नाही, यंदा पाचवीची वार्षिक आहे, जरा लक्ष घाला." मग घरी एक तर पोराला बडवतात, नाहीतर गावातल्या एखाद्या क्लासला नेऊन टाकतात. दोन्हींनी फारसं काही हलत नाही. पोर पाचवीच्या पुस्तकाशी झगडत असलं तरी त्याचं पाणी मुरलेलं असतं दुसरी-तिसरीत. तिथं जोडाक्षरं राहिली, हातच्याची वजाबाकी राहिली आणि वर्ग मात्र दरवर्षी पुढे सरकला. पाचवीत पहिल्यांदा कुणीतरी 'पास की नापास' विचारतं, तेव्हा सगळं एकदम उघडं पडतं.

कपाशीत जिथं बी उगवलं नाही तिथंच आपण नांगे भरतो, अख्खं वावर पुन्हा पेरत नाही. पोराच्या अभ्यासाचंही तेच करायचं आहे. त्यासाठी आधी नांगे कुठे आहेत ते बघावं लागतं. हे काम निकालाची वाट न बघता जितकं लवकर हाती घ्याल तितकं बरं. डिसेंबरात सुरू केलं तर चार महिने मिळतात, मे महिन्यात सुरू केलं तर जेमतेम सहा आठवडे.

आधी नियम काय आहे ते

गावात याबद्दल कायच्या काय बोललं जातं, म्हणून नीट सांगतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. मूळ कायद्यात आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला मागे ठेवायचं नाही अशी तरतूद होती. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवी या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आली, आणि पुनर्परीक्षेतही नापास झालेल्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या वर्षापासून ही परीक्षा सुरू झाली. पाचवीला प्रत्येक विषयाला ५० गुण: ४० लेखी, १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे विषयाला १८ गुण लागतात. आठवीला विषयाला ६० गुण, पास २१ ला.

पोर एखाद्या विषयात राहिलं तर लगेच वर्षं वाया जात नाही. निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची असते, आणि त्याआधी शाळेनं मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं असतं. ही जादा शिकवणी शाळेवर बंधनकारक आहे, त्यासाठी कुणाला खासगी क्लासचे पैसे द्यायची गरज नाही. पुनर्परीक्षेतही राहिलं तरच त्याच वर्गात ठेवतात. तरीसुद्धा आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही.

आता लक्षात ठेवायची गोष्ट: पहिली ते चौथी, सहावी आणि सातवी या वर्गांत शाळेला मुलाला मागे ठेवता येत नाही. काही शाळा, विशेषतः तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या, दुसरी-तिसरीच्या पालकांना बोलावून "तुम्हीच अर्ज द्या, एक वर्ष परत बसवू" म्हणतात. किंवा त्याहून सोपं, "दाखला घेऊन जा." अशा कागदावर शाळेत बसल्या-बसल्या सही करू नका. "घरी विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच घरी येऊन विचार करा.

पोर नक्की कुठे अडकलंय

याला कुठलंही यंत्र लागत नाही. एक कोरा कागद, पेन आणि अर्धा तास. देशभर गावोगावी मुलांचं वाचन तपासतात ते अशाच चार पायऱ्यांनी: अक्षर, शब्द, साधा परिच्छेद, गोष्ट.

कागदावर मोठ्या अक्षरात लिहा:

अक्षरं: क, म, ळ, ट, श.
शब्द: घर, पाणी, बैल, केळी, दुकान.
परिच्छेद: आज बाजार आहे. आई वांगी घेते. बाबा केळी घेतात. मला भूक लागली.
गोष्ट: रविवारी आम्ही मामाच्या गावाला निघालो. रस्त्यात एसटी पंक्चर झाली. प्रवासी खाली उतरले. ड्रायव्हरने चाक बदलले. तेवढ्या वेळात आजीने पिशवीतून शेंगदाणे काढले आणि सगळ्यांना वाटले. मामाच्या घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता.

परिच्छेदापासून सुरुवात करा. तो तीनपेक्षा जास्त न चुकता, न अडखळता वाचला तर गोष्ट द्या. जमला नाही तर खाली या, शब्द विचारा. पाचपैकी चार शब्द आले तर पोर शब्दाच्या पायरीवर आहे. तेही आले नाहीत तर अक्षरं विचारा. मध्ये सांगू नका, हसू नका, आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच करू नका. गोष्ट वाचून झाली की एकच प्रश्न: "लोक खाली का उतरले?" वाचलं घडाघडा पण उत्तर येत नाही, अशीही पोरं असतात. त्यांना वाचता येतं, कळत नाही. त्यांचा इलाज वेगळा, तो पुढे सांगतो.

गणितालाही तसंच. आधी १ ते ९ ओळखतो का, मग उलटसुलट १० ते ९९, मग हातच्याची वजाबाकी, शेवटी तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं. वजाबाकीला ४३ वजा १८ द्या. उत्तर ३५ आलं तर चूक कुठून आली बघा: त्यानं आठातून तीन वजा केले, कारण मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्याच्या डोक्यात आहे. दशक फोडायची गोष्ट त्याला कधी दिसलीच नाही. अशा पोराला पाचवीचे अपूर्णांक शिकवून काही होत नाही.

हा कागद तारीख टाकून ठेवा. पुढे शाळेत न्यायचा आहे, आणि महिन्यानं तुलनेलाही लागेल.

अभ्यासाआधी डोळे, कान आणि हजेरी

फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहिणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात. ती स्वतः कधी सांगत नाहीत, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्यांना वाटतं. घरी तपासायचं तर दारात उभं करून समोरच्या दुकानाची पाटी एकेका डोळ्यावर हात ठेवून वाचायला सांगा. वाचताच येत नसेल तर पाटीवरचं चित्र विचारा. कान वाहत असेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर कान दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. ते कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारून त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. पथक येऊन गेलं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळायची सोय आहे.

नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, विचार करायलाच हवा. पोराचे हातपाय वरचेवर दुखतात, डोळे पिवळट दिसतात, महिन्यातून चार-पाच दिवस ते अंथरुणावर, आणि शाळेच्या हजेरीपत्रकात नुसतं 'गैरहजर'. रक्ताची साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. निदान झालं तर गुरुजींना सांगा. खेळाच्या तासाला उन्हात पळवणं, पाणी प्यायला न सोडणं, हे अशा मुलाला महागात पडतं.

आणि हजेरी. खरं सांगायचं तर खान्देशात निम्म्या वेळा उत्तर इथंच मिळतं. कापूस वेचणीला मजूर मिळत नाही म्हणून ऑक्टोबरापासून पोरं वावरात. धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण घरी. सातपुड्यातून ऊसतोडीला गुजरातकडे गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर जातात ती होळीला किंवा त्याच्याही नंतर परततात. शाळेत जाऊन जूनपासूनची हजेरी बघा. महिन्याला सात-आठ खाडे असतील तर पोर मठ्ठ नाही, त्याला शिकवलेलं त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही. स्थलांतर करावंच लागत असेल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं आणि परतल्यावर इथं पट जोडून घेता येतो. गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का तेही विचारा. आजी-आजोबा गावात असतील तर पोर त्यांच्याजवळ ठेवून शाळा चालू ठेवणं केव्हाही चांगलं.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

एक आजी नातवाबद्दल म्हणायच्या, "पोऱ्या हुशार शे, पन पुस्तक हातमा लिधं का मुका व्हई जास." बरोबर बघितलं होतं त्यांनी. घरी, गल्लीत, वावरात अहिराणी. शाळेत पुस्तकी मराठी. वरून पहिलीपासून इंग्रजी. सातपुड्यात तर भिली किंवा पावरी बोलणाऱ्या पोराला पुस्तकातली मराठीच परकी असते. ते पोर मुकं नाही, मनातल्या मनात भाषांतर करतंय.

श्रुतलेखनाची वही काढून बघा. पोरानं 'केळी'ला 'केयी' लिहिलं असेल, 'डोळा'ला 'डोया', 'पाणी'ला 'पानी'. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, तो आवाज त्याच्या कानात बसलाय. त्यानं जे ऐकलं तेच लिहिलं, म्हणजे आवाजावरून अक्षर लावण्याचं अर्धं काम त्याला जमतंय. ही चूक 'कमळ'ला 'मटक' लिहिण्यासारखी नाही. तिला लाल रेघ मारण्याऐवजी दहा असे शब्द एकाखाली एक लिहा, डाव्या बाजूला घरचा, उजव्या बाजूला पुस्तकातला: डोया – डोळा, शाया – शाळा, काया – काळा. आठवडाभर रोज मोठ्यानं वाचून घ्या. पोर स्वतःच पुढचे शब्द शोधायला लागतं.

घरी अहिराणी बोलणं बंद करून मोडकीतोडकी 'शुद्ध' मराठी बोलायला लागा असा सल्ला कुणी दिला तर तो सोडून द्या. गोष्ट समजावून घ्यायची ती घरच्या बोलीत, लिहायची ती पुस्तकाच्या भाषेत. वाचता येतं पण कळत नाही म्हटलं ना, त्या पोराला धडा वाचून झाल्यावर विचारा, "काय व्हयनं, सांग बरं." त्यानं अहिराणीत सांगितलं की मग त्यातली दोन वाक्यं पुस्तकी मराठीत लिहायला लावा. हे काम ज्या आईला अक्षरओळख नाही ती सगळ्यात चांगलं करू शकते, कारण ती खरोखर ऐकते. पोराला माहीत असतं की आईला गोष्ट ठाऊक नाही.

गुरुजींशी बोलताना

पालकसभेत पन्नास माणसांत हा विषय काढू नका. शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं मागा. तुमचा कागद सोबत न्या. गुरुजींवर दोन-दोन वर्ग असतात, निवडणुकीची कामं असतात, ऑनलाइन माहिती भरायची असते. तक्रारीच्या सुरात गेलात तर तेही बचावाचा सूर लावतील. "सर, घरी हे असं दिसलं, वर्गात काय दिसतं?" असं सुरू केलं की बोलणं पुढे जातं.

पहिल्या सत्राच्या संकलित मूल्यमापनाच्या, म्हणजे सहामाहीच्या, उत्तरपत्रिका बघायला मागा. प्रगतिपुस्तकावरच्या 'ब-२' वरून काही कळत नाही, उत्तरपत्रिकेवरून सगळं कळतं. पोरानं प्रश्नच वाचला नाही, की वाचून चुकीचं लिहिलं, की उत्तर येत होतं आणि वेळ पुरला नाही? या तिन्हींचे इलाज वेगवेगळे आहेत. आणखी एवढं विचारा: वर्गात कुठल्या बाकावर बसतो, तोंडी उत्तरं देतो का, कुणाबरोबर असतो, मधल्या सुट्टीनंतर पेंगतो का.

शेवटी एक ठोस गोष्ट ठरवून उठा. आठवड्यातून तीन दिवस परिपाठाआधी वीस मिनिटं वाचन, किंवा वर्गातल्या चांगल्या वाचणाऱ्या मुलाबरोबर जोडी. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत बघून लागेल तिथं जादा शिकवणं हे कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाचं कर्तव्यच आहे. पण हे कलम पहिल्याच भेटीत तोंडावर मारायचं नसतं. तोंडी सांगून दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही तर मात्र साधा अर्ज द्या:

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: पाल्यास जादा मार्गदर्शन मिळणेबाबत. महोदय, माझा पाल्य इयत्ता पाचवीत शिकत असून त्यास मराठी वाचन व वजाबाकी-भागाकार यांत अडचण येत आहे. घरी घेतलेल्या तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. तरी त्यास वार्षिक परीक्षेपूर्वी जादा मार्गदर्शन मिळावे व दरमहा प्रगती कळवावी, ही विनंती."

दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणभर सदस्य पालकच असतात. त्यातल्या एखाद्याला सोबत घेतलंत तर आणखी चांगलं.

घरी रोज काय करायचं

सकाळी वीस मिनिटं वाचन, संध्याकाळी वीस मिनिटं गणित. यापेक्षा जास्त नको. दोन तास बसवून ठेवलं की पोर दोन तास बसायला शिकतं, वाचायला नाही. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि मोठ्या माणसानं जवळ बसायचं. जवळ बसून स्वतः मोबाइल बघायचा नाही, हे मुद्दाम सांगावं लागतं.

अक्षराच्या पायरीवरच्या पोराला बाराखडी म्हणायला लावू नका. ती त्याला तोंडपाठ असते, 'क का कि की' सुरात म्हणतं आणि मधलंच 'कू' दाखवलं की गप्प. त्याच्या नावापासून सुरुवात करा. नाव, आडनाव, बहिणीचं नाव, गावाचं नाव, बैलाचं नाव. त्यातली अक्षरं सुटी करा, चिठ्ठ्यांवर लिहा, त्यांचेच दुसरे शब्द बनवायला सांगा. रोज दोन नवी अक्षरं पुरतात, पण कालची चार पुन्हा विचारायची.

शब्दाच्या पायरीवर अडतं ते काना-मात्रा-वेलांटीला आणि त्यानंतर जोडाक्षरांना. एका दिवशी एकच खूण घ्या. आज फक्त वेलांटी: पिठी, मिरची, विहीर, चिंच. उद्या रफार: सूर्य, वर्ग, गर्दी. रफार ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या आधी उच्चारायचा की नंतर, यात पाचवीतली पोरंसुद्धा गोंधळतात. 'गर्दी' तोडून दाखवा, ग-र्-दी. घरातल्या छापील गोष्टी वाचायला लावा: खताच्या गोणीवरचं नाव, एसटीची पाटी, लग्नपत्रिका, किराणा दुकानाची यादी. लग्नपत्रिकेत जोडाक्षरांची खाणच असते.

परिच्छेदाच्या पायरीवरच्याला तीनदा वाचायला लावायची पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. पहिल्यांदा मोठं माणूस बोट ठेवून वाचतं, दुसऱ्यांदा दोघं मिळून, तिसऱ्यांदा पोर एकटं. रोज आठ-दहा ओळीच. तिसरीची, चौथीची बालभारतीची पुस्तकं काढा. पाचवीतल्या पोराला तिसरीचं पुस्तक दिलं तर लाज वाटते, म्हणून कव्हर घाला किंवा "धाकट्या भावाला वाचून दाखव" म्हणा. ई-बालभारतीवर जुनी-नवी पुस्तकं मोफत मिळतात.

गणितात संख्यांपाशी थांबायला हवं. आपण सदुसष्ट म्हणताना सात आधी म्हणतो आणि साठ नंतर, पण लिहिताना सहा आधी. पोर ऐकलं त्या क्रमानं ७६ लिहितं. एकोणपन्नास सांगितलं की त्यात 'पन्नास' ऐकू येतं आणि ५९ उतरतं. ओरडून हे सुटत नाही. पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या बारीक काड्या गोळा करा, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधा. 'सदुसष्ट' म्हटलं की सहा गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मांडायच्या, मग लिहायचं. एकोणपन्नासला पाच गठ्ठे मांडून त्यातली एक काडी काढायला लावा; गठ्ठा सुटला की चार गठ्ठे आणि नऊ काड्या डोळ्यासमोर उरतात.

तेच गठ्ठे वजाबाकीला. ४३ म्हणजे चार गठ्ठे, तीन सुट्या. १८ द्यायच्या आहेत, सुट्या आठ नाहीत. काय करशील? बहुतेक पोरं स्वतःहूनच गठ्ठ्याचं रबर काढतात. 'हातचा' त्यांना तिथं कळतो. आठवडाभर काड्यांवर झाल्याशिवाय वहीवर जाऊ नका.

आठवडे बाजाराला पोराला सोबत न्या आणि पैसे त्याच्या हातात द्या. भरिताची वांगी अर्धा किलो घेतली, पन्नासची नोट दिली, परत किती यायला हवेत? चुकलं तर दुकानदारासमोर बोलू नका, घरी येऊन हिशोब मांडा. पाढे मात्र पाठ हवेतच, दहापर्यंतचे तरी, त्याला दुसरा पर्याय नाही. चालता-चालता, गोठ्यात, भाकरी होईपर्यंत चुलीपुढे म्हणून घ्या.

महिन्यानं पहिल्या कागदासारखाच नवा कागद करा. पायरी बदलली असेल तर तो जुन्याशेजारी ठेवून पोराला दाखवा. त्याला हे दिसणं फार गरजेचं असतं.

तरीही हलत नसेल तर

तीन-चार महिने रोज बसूनही अक्षरं टिकत नाहीत. घ-ध, भ-म, ब-व यांत सतत गफलत. तोंडी विचारलं तर फडाफड उत्तर, लिहायला सांगितलं तर कोरं पान. फळ्यावरून उतरवताना ओळीच गाळतो. अशा वेळी अध्ययन अक्षमता आहे का हे तपासायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे त्यात ही आहे. यात बुद्धी कमी नसते. वाचणं, लिहिणं किंवा आकडेमोड यापैकी एका ठिकाणी मेंदूची वाट वेगळी असते. पहिली-दुसरीत अक्षर उलटं निघणं पुष्कळ मुलांत होतं, त्यावरून घाबरू नका. प्रमाणपत्रही वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळतं, आणि पुढे १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी असते.

सुरुवात शाळेतून करा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापक त्यांना बोलावू शकतात. पुढची तपासणी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून. जाताना वह्या, उत्तरपत्रिका आणि तुमचे ते तारखांचे कागद न्या. डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात, दहावीपर्यंत त्या कामी येतात. भगत, ताईत, 'बुद्धी वाढवणारी' पावडर यांवर पैसे घालवू नका.

निकाल लागला आणि पोर राहिलं

परीक्षा एप्रिलमध्ये, निकाल साधारण महाराष्ट्र दिनाच्या आसपास, पुनर्परीक्षा जूनमध्ये. मधे खान्देशातला मे महिना आणि कधीकधी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयाही. आत्या माहेरी येतात, घर भरलेलं असतं आणि कुणीतरी हमखास विचारतं, "का रे, नापास झाला म्हणे?" ते आधीच थांबवा. घरातल्या मोठ्यांना बजावून ठेवा की हा विषय पोरासमोर निघणार नाही. आखाजीचे तीन-चार दिवस अभ्यास पूर्ण बंद ठेवा. झोके, गाणी, पुरणपोळी होऊ द्या. अर्धवट अभ्यास आणि अर्धवट सण यात दोन्ही जातं.

निकाल लागल्याबरोबर शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारून घ्या: कुठल्या विषयात किती गुण पडले, पुनर्परीक्षेची तारीख काय, जादा मार्गदर्शन कोणत्या दिवशी किती वाजता. पोर ज्या विषयात राहिलंय तेवढेच विषय धरा. १८ पैकी काही गुण तोंडीतून येऊ शकतात, म्हणून तोंडीचा सराव रोज करा: स्वतःबद्दल पाच वाक्यं, कविता, चित्र बघून सांगणं, पाढे. बोलीत बोलणाऱ्या पोराचे तोंडीचे गुण लाजेपायी जातात. लेखीसाठी वार्षिकचीच प्रश्नपत्रिका समोर ठेवून पुन्हा सोडवून घ्या आणि सोप्या प्रश्नांपासून सुरू करायला शिकवा. अभ्यास सकाळी नऊच्या आत उरका. त्यानंतरच्या उन्हात जळगावात मोठ्या माणसाचं डोकं चालत नाही, पोराचं काय चालणार.

पुनर्परीक्षेतही राहिलं तर? हे नेहमीच वाईट असतं असं मला वाटत नाही. वर्षभर आजारपणात गेलं, स्थलांतरात गेलं, किंवा पोर वर्गात वयानं सगळ्यात लहान आहे, अशा वेळी आणखी एक वर्ष मिळाल्यानं ते खरंच सावरू शकतं. पण कारण डोळ्यांत, कानांत किंवा अध्ययन अक्षमतेत असेल आणि तिथं काहीच केलं नसेल, तर तेच धडे त्याच पद्धतीनं दुसऱ्यांदा ऐकून काय होणार? म्हणून शाळेला विचारायचा प्रश्न हा: "यंदा याच्यासाठी वेगळं काय करणार?" उत्तर लेखी मागा.

पोराला घरच्यांनीच सांगावं, शाळेत पटावर नाव ऐकून त्याला कळू नये. सरळ सांगा: वाचन कच्चं राहिलंय, ते पक्कं करायला आणखी एक वर्ष मिळालंय. धाकटी बहीण त्याच वर्गात येणार असेल तर तुकडी वेगळी करता येते का बघा. एकच तुकडी असेल तर बाक तरी वेगळा मागा, आणि घरी दोघांच्या वह्या शेजारी ठेवून तुलना करू नका. जुन्या मित्रांबरोबर संध्याकाळचं खेळणं तोडू नका.

या सगळ्यात इंग्रजी माध्यमातून मराठीत आणायचा विचार अनेक जण करतात. घरी, गावात इंग्रजीचा वाराही नसेल आणि पोर चौथीपर्यंत मराठीही नीट वाचत नसेल, तर मी तरी आणा असंच म्हणेन, आणि जूनमध्येच आणा, मधेच नको. नव्या शाळेत जाताना वयानुसार कुठला वर्ग मिळेल हे आधी विचारा. दाखला मागितल्यावर तो अडवून ठेवता येत नाही. अडवला तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि त्यालाही पोच घ्या.